सूक्ष्मदर्शकाचे एकोणीस भाग

बाबांनी पितळी नळीवरून डाव्या हाताचा अंगठा हळूच फिरवला, एका जागी थांबवला आणि दाबला. कट् असा बारीक आवाज झाला आणि नळीचं तोंड आपोआप उघडलं.

"अगंबाई!" संग्रहालयातून आलेल्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "आमच्या दोन माणसांनी आठवडाभर डोकं फोडलं याच्यावर. बाहेरून एक स्क्रू म्हणून दिसत नाही."

"दिसू नये म्हणूनच तसा केलाय," बाबांची मुलगी म्हणाली. तिची मान नकळत ताठ झाली होती.

टेबलावर पांढरं फडकं अंथरलं होतं आणि त्यावर तो घडीचा सूक्ष्मदर्शक उभा होता. तीन पाय मिटले आणि आरसा आत वळवला की चष्म्याच्या घराएवढ्या डबीत मावणारा. पूर्वी गावोगाव फिरून रक्त तपासणारे डॉक्टर तो कोटाच्या खिशात घालून न्यायचे. बाबांनी असे एक्केचाळीस केले, एकट्यानं, आणि कागदावर एक रेघ ओढली नाही. कागदाला पाय फुटतात, म्हणायचे. त्या एक्केचाळिसांतला हा एवढाच आता सापडला होता, तोही एका डॉक्टरांच्या घरी माळ्यावर, फिरवायचं चाक गच्च बसलेला.

तो दुरुस्त करून घ्यावा आणि कसा घडवला ते लिहून घ्यावं म्हणून बाई आल्या होत्या. पण त्यांना यायला उशीर झाला होता. आठ महिन्यांपूर्वी बाबांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि शब्दांची पार गल्लत झाली. बोलायचे भरपूर, पण हवा तो शब्द सोडून बाकी सगळे यायचे.

"चमचा," बाबा हात पुढे करून म्हणाले.

मुलीनं बारीक पेचकस त्यांच्या हातात ठेवला.

"तुम्हाला बरं कळतं!"

"सवयीनं. चमचा म्हणजे पेचकस, छत्री म्हणजे चहा, आणि मला आई म्हणतात. तेवढी एक बढती मिळाली." ती हसली. "आत सगळं शाबूत आहे हो त्यांचं. फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय."

हे वाक्य तिनं शेजाऱ्यांना ऐकवलं होतं, मावशीला ऐकवलं होतं, आणि फोनवर भावाला तर दर रविवारी. भावाला बाबांना 'एखाद्या चांगल्या ठिकाणी' ठेवायचं होतं. त्यांना सगळं कळतं, असं ठेवलं तर काय वाटेल त्यांना, असं ती म्हणायची आणि भाऊ पुढच्या रविवारपर्यंत विषय सोडून द्यायचा. दातांच्या दवाखान्यात ती कवळ्या बनवायची. आज तिथून रजा घेतली होती ती काही नुसत्या संग्रहालयासाठी नाही; रविवारी भावाला सांगायला तिला पुरावा हवा होता.

बाबांचा उजवा हात ती झाली. तिनं नळी धरायची, त्यांनी सोडवायचं. एकेक चकती, कडं, भिंग निघत गेलं आणि फडक्यावर रांगेत बसलं. चाकाच्या दात्यांत जुनं वंगण मेणासारखं घट्ट झालं होतं. तिनं ते स्पिरिटनं पुसून काढलं. बाबांनी चाकाला बोट लावलं आणि ते लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. बाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या. बाबाही हसले.

"एकोणीस भाग," बाईंनी मोजले. "काका, आता जोडताना सावकाश हं. मी पायरी न् पायरी लिहून घेते."

बाबांनी एक चकती उचलून नळीत घातली. ती उलटी होती. त्यांनी काढली आणि पुन्हा तशीच घातली. तिसऱ्यांदाही तशीच. मग ती बाजूला ठेवून त्यांनी छोटी स्प्रिंग घेतली, इकडून तिकडून पाहिली, आणि शर्टाच्या खिशात टाकून वरून थोपटली. कामावर निघताना माणूस पेन ठेवतो तशी.

"बाबा, ती आत जाते ना?"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. शब्द सापडत नसला की त्यांचा चेहरा कसा होतो हे तिला पाठ होतं. कपाळाला आठ्या पडायच्या, ओठ थरथरायचे, रागानं मूठ वळायची. आता कपाळावर एक रेघ नव्हती. ते काहीच शोधत नव्हते.

तिची नजर त्या खिशावरून बटणांवर गेली. शर्टाची बटणं ती लावायची, हात चालत नाही म्हणून. परवा त्यांनी मोजा कानावर चढवला, तो तिनं थट्टेवारी नेला. प्रत्येक गोष्टीला तिच्याकडे कारण तयार होतं.

"थकले का काका?" बाईंनी विचारलं.

"नाही, नाही." आपला आवाज धड निघतोय याचं तिलाच नवल वाटलं. "ते लगेच जोडत नाहीत. आतला भाग चार दिवस उघडा ठेवायचा असतो. नाहीतर काचेला घाम येतो. बाबांची पद्धतच आहे ती."

"असं होय!" बाई भराभर लिहू लागल्या. "चार दिवस उघडा... काचेला घाम... कुठल्या पुस्तकात मिळालं असतं हो हे? काका, बरोबर ना?"

"हो," बाबा म्हणाले.

कित्येक दिवसांत पहिल्यांदा शब्द जागच्या जागी पडला होता. बाईंना भरून आलं. शुक्रवारी येते म्हणून त्यांनी बाबांच्या पायाला हात लावला आणि त्या गेल्या.

तिनं दार लावलं. बाबांच्या खिशातून स्प्रिंग काढून रांगेत ठेवली. स्वतः दोन भाग जुळवून पाहिले, चार पाहिले. कवळीचे दात असते तर एव्हाना बसवून मोकळी झाली असती. हे कशात काही बसेना. मग ती खुर्ची ओढून बाबांच्या अगदी जवळ बसली.

"बाबा, बोलू नका. पहिलं कुठलं, तेवढं नुसतं बोट लावून दाखवा."

बाबा वाट पाहत बसले. तिनं सगळ्यांत मोठं भिंग फडक्यानं पुसलं आणि त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, आणि परक्या माणसानं त्याच्या नातवाचा फोटो दाखवावा तेव्हा पाहतात तसं, मन लावून, अदबीनं पाहिलं.

"छान आहे," ते म्हणाले आणि तिचं तिला परत दिलं.