पंख्याखालची खुर्ची आणि मी

मी एक जुना अक्षरतक्ता आहे. डिचोलीतल्या डोळ्यांच्या एका छोट्या दवाखान्याच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. छापखान्यात माझं प्रत्येक अक्षर मापून घडवलं गेलं. वाचणारा सहा मीटरवर बसेल, हे धरूनच त्याची उंची ठरली. मित्रांनो, तेवढ्या अंतरावरच मी खरं सांगू शकतो.

पण इथला उकाडा तुम्हाला ठाऊकच आहे. छताचा पंखा माझ्या बराच जवळ. घामाघूम माणसं हळूहळू खुर्ची त्याच्याखाली ओढत गेली आणि ती तिथलीच झाली. मग काय, सगळ्यांचीच नजर उत्तम! लोक माझं कौतुक करत आणि मी मुकाट लटकत असे.

यंदा गौरवी ही नवी नेत्रतपासनीस आली. पहिल्याच दिवशी तिनं टेप धरला, खुर्ची मागे नेली आणि जमिनीवर रंगाची रेघ ओढली.

रेघेवरच्या त्या खुर्चीत महादेवकाका येऊन बसले. ते मूळचे सावंतवाडीकडचे, पाळी गावच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवणारे. मागच्या खेपेला पंख्याखाली बसून त्यांनी नजरेचा दाखला नेला होता. आज मधल्या ओळीतच अडखळले.

"बाय, माका पंख्याखाली बसय. वारो लागलो काय अक्षरां बरी दिसतत."

"मागीर वारोच हांगा हाडटां, काका," गौरवी म्हणाली आणि तिनं टेबलावरचा पंखा त्यांच्यासमोर लावला. "आतां कितें दिसता?"

"वारो मस्त लागता!"

अक्षरं मात्र दिसेनात. मग तिनं दोन्ही पंखे बंद करून त्यांना पंख्याखालच्या जुन्या जागी बसवलं. घाम गाळत काकांनी खालची ओळ घडाघडा वाचली. पाठ असेल म्हणून तिनं मधलीच अक्षरं बोटानं दाखवली. तीही बरोबर आली.

"म्हणजे वारो नाय, जवळ बसलंय म्हणान दिसता," काका पुटपुटले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "चष्मो लागलो तर मालक गाडयेवरसून उतरवतलो मां?"

"चष्मो लावन चलयात, काका. पाळीच्या रस्त्यार शाळेचीं भुरगीं चलतात."

काका स्वतःच उठले आणि खुर्ची रेघेवर नेऊन बसले. गौरवीनं भिंगं बदलत बदलत त्यांची नजर पुन्हा पुन्हा तपासली. एखादं अक्षर मागेपुढे होतंच, म्हणून एका वाचनावर ती विसंबत नाही. किती सुंदर काम! शेवटी भिंगांतून त्यांनी खालची ओळ वाचली, सावकाश, एकेक अक्षर निरखून. बाहेर जाताना बाकावरच्या माणसाला म्हणाले, "पंख्याखाली बसा नुको रे. थंय सगळ्यांकच दिसता."

मित्रांनो, माझ्यासमोर डोळे बारीक करू नका, बोटांच्या फटीतून पाहू नका. दिसत नसेल तर "दिसत नाही" म्हणा. मी भिंतीवरचा कागद आहे. माझ्यासमोर चुकलात, तर कुणालाही इजा होत नाही.