जीवखड्याची चमक

पडद्यामागून घरघर सुरू झाली तशी माणसं एकमेकांना रेटत पुढे सरकली. टेकाडावरच्या पत्र्याच्या मठात पाय ठेवायला जागा नव्हती. जुन्नरची माणसं होती, आंबेगावची होती. भीमाशंकरला निघालेली एक जीपही वाट सोडून इकडे वळली होती. लाल पडद्याआड रांजण आहे, असं खडेबाबा सांगायचा. तो रांजण कुणी पाहिला नव्हता. ऐकला मात्र सगळ्यांनी होता. जात्यात कुणी वाळू भरडावी तसा आवाज, सारखा, न थांबता.

"ऐका भाविकहो! आत्मे दळतायत. आपापलं पाप दळतायत. जिसका पाप पिस गया, उसका पत्थर चमक गया!"

बाबाचं बोलणं एरवी जुन्नरीच होतं. आत्म्याचा विषय निघाला की तो हिंदीत शिरायचा. मेल्यावर माणसं हिंदी टीव्हीच बघत असावीत.

माणूस सरणावर ठेवलं की खांद्यावरचं पाण्याचं मडकं ज्या खड्यानं फोडतात, तो जीवखडा. दहा दिवस गेलेल्याचा जीव त्यात असतो असं मानतात आणि दहाव्याला तो नदीत सोडतात. खडेबाबानं या रीतीत एकच गोष्ट घुसडली होती. खडा नदीत सोडू नका, माझ्याकडे आणा. महिनाभर रांजणात ठेवतो, मग माणूस सुटलं की अडकलं ते खडाच सांगेल.

बाबानं परातीतून पहिला खडा उचलला. "राजुरीचे गेणभाऊ कुठायत?"

खडा तांबूस होता आणि तूप लावल्यासारखा झळकत होता. गेणभाऊंनी तो दोन्ही हातांत घेतला आणि एवढा मोठा गडी हुंदके द्यायला लागला. "सुटली रं, माझी आई सुटली!" लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"येडगाव. सूरज सयाजी."

ठकूबाई उठली. तिचा सूरज गेल्याला दोन महिने होत आले होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नव्हता, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. तेव्हापासून तिला घास गोड लागत नव्हता. बाबानं तिच्या तळहातावर खडा ठेवला. काळा, बारीक भोकाभोकांचा, नेला तेव्हा होता तसाच मलूल. 

"माताजी, पोरगा अडकलाय."

"कशात, बाबा?"

"कसा गेला?"

"नदीवरच्या मोटरीचा शॉक बसला."

"मोटरीवर पाठवलं कुणी?"

ठकूबाईनं ओठ ओले केले. "सून म्हणली, लाईट आलीय, कांद्याला पाणी सोडून या."

बाबानं डोळे मिटून मान हलवली. "मला हेच दिसत व्हतं."

तिनं सांगितलं तेच त्याला दिसलं होतं. पण लेक गेलेल्या बाईच्या ते कुठून ध्यानात येणार?

"ती जोवर उंबऱ्याच्या आत, तोवर हा बाहेर. ती गेली की येत्या अवसेला खडा परत आण. तो चमकणारच."

घरी ठकूबाईनं हे सांगितलं तेव्हा तिचा नवरा सयाजी एकदाच म्हणाला, "असं कुठं असतंय व्हय?" आणि भिंतीकडे तोंड करून निजला. सून वृषाली पोळपाटावरचं पीठ झाडत उभी राहिली.

"आत्या, मी त्यांना मराया पाठवलं का?"

"मी न्हाई म्हणत गं. खडा म्हणतोय."

वृषालीनं पिशवी भरली. पाच वर्षांची संस्कृती आईचा पदर धरून एसटीत चढली. दोघी घोडेगावला माहेरी गेल्या. ठकूबाईनं सूरजचा खडा देवापुढे ठेवला आणि अवसेची वाट बघत बसली.

घर झाडताना कोनाड्यात तिला एक पुरचुंडी सापडली. सोडून बघते तर आत पाच खडे. एक पिवळा, एक पांढऱ्या रेघांचा, बाकीचे लाल, आणि पाचही गेणभाऊंच्या आईच्या खड्याहून लखलखीत.  पाच सुटलेले आत्मे, आणि नात त्यांचे सागरगोटे करून महिनोन्‌महिने वर उडवत बसली होती! पोरीला ते हायस्कूलात शिकवणाऱ्या प्रतिभा मॅडमनी दिले होते, एवढं तिला आठवलं. सूरजचा खडा आणि ते पाच तिनं पदराला बांधले. तशीच ती हायस्कूलमागच्या त्यांच्या घरी गेली.

ओसरीवर पाय टाकला आणि ती थबकली. दाराला टेकण म्हणून चमकता दगड. बरण्यांच्या झाकणांना पकडायला खडे डकवलेले. मॅडमच्या जाकिटाला खड्यांच्या गुंड्या. माशांच्या काचपेटीच्या तळाला तर खड्यांचा थरच होता. कुठं उभं राहावं ते तिला कळेना.

"मॅडम, एवढी माणसं कुणाची गेली वो?"

प्रतिभा मॅडम हसल्या. म्हातारीचा चेहरा बघितला आणि त्यांचं हसू विरलं. "कुणी नाही गेलं, आजी. नदीतून आणते, घासते. छंद आहे मला. कुणाला गुंड्या करून देते, पोरींना सागरगोटे. या, दाखवते."

मागच्या पडवीत दोन रुळांवर रबराचा आडवा डबा ठेवला होता. शेजारी शिलाई मशीनची मोटर. "डब्यात खडे, पाणी आणि घासायला कुरुंदाच्या दगडाची भुकटी घालायची. आधी जाड, मग बारीक, मग पीठ. महिनाभर फिरत ठेवायचा." त्यांनी बटण दाबलं.

घरघर सुरू झाली आणि ठकूबाईनं दाराची चौकट धरली.

"हाच. बाबाच्या रांजणात हाच बोलतोय."

तिनं सगळं सांगितलं.  मॅडमनी कोपऱ्यातलं एक घमेलं पुढे ओढलं. "ही माझी नापास पोरं." घमेल्यात काळे, भोकाभोकांचे, मलूल खडे होते. "आपल्या काळ्या खडकाचे आहेत. अंगात पोकळ्या, त्यात मऊ भरण. वर्षभर फिरवा, चमकणार नाहीत. गेणभाऊंच्या आईचा खडा गारगोटीचा असणार. गारगोटी कठीण, तिला चमक येते. घाटावर हाताला कुठला दगड लागला, एवढाच फरक, आजी. माणूस चांगलं होतं की वाईट, ते दगडाला काय ठाऊक?"

ठकूबाईनं पदराची गाठ सोडली. सूरजचा खडा त्या खड्यांशेजारी धरून बघावा म्हणून पुढे वाकली आणि तो हातातून निसटून घमेल्यात पडला. ती चाचपायला लागली. एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला. सगळे सारखे. ज्या खड्याचं ऐकून तिनं सून घराबाहेर काढली, तो खडा तिला आता ओळखू येत नव्हता.

"राहू द्या, आजी," मॅडम हळूच म्हणाल्या.

"माझा सूरज त्यात न्हाई ना वो?"

"नाही."

ती तिथंच खाली बसली आणि रडली. लेक गेल्यापासून अशी ती रडलीच नव्हती. खडा काय म्हणतो याच्या धसक्यात रडायचं राहूनच गेलं होतं.

अवसेला ठकूबाई आणि मॅडम मठात गेल्या. घरघर चालू होती.

"माताजी, सून गेली का?" बाबानं लांबूनच विचारलं.

"गेली."

"मग आज पोरगा सुटणार! कुठाय खडा?"

ठकूबाई त्याच्या अंगावरून सरळ पडद्याकडे चालत गेली. बाबा "अपवित्र, अपवित्र!" म्हणत उठेपर्यंत ती आत शिरली. भिंतीतून निघालेली काळी वायर तिनं दोन्ही हातांनी ओढली. घरघर बंद पडली.

"आत्म्यांना लाईट लागती व्हय रं?" ती आतून ओरडली.

कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी पडदा ओढून पाडला. दोन रूळ, एक डबा, मोटर, खाली करड्या चिखलाची बादली. रांजण नव्हताच.

"नास्तिकांनो! आत्मे कोपतील!"

"लाईट गेली की गप पडत्यात, कोपतील कसे?" मागून एक गडी म्हणाला. हशा पिकला. बाबानं तोंडाला उपरणं लावलं आणि मागच्या दाराकडे सरकला. मॅडमनी तोवर पोलिसांना फोन लावला होता. जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे, हे बाबालाही ठाऊक असावं, कारण मग तो हिंदीत काही बोलला नाही.

गेणभाऊ तेवढे हसले नाहीत. तांबूस खडा मुठीत धरून ते पुढे आले. "म्हंजे माझी आई सुटली न्हाई का?"

मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. "गेणभाऊ, आई कुठं आहे ते मला माहीत नाही. या दगडाला तर मुळीच नाही. तुम्ही तिचं दुखणं काढलंत, तेवढं मात्र सगळ्या राजुरीला माहीत आहे."

गेणभाऊंनी मान हलवली. खडा टाकवेना आणि ठेववेना, असे ते बराच वेळ उभे होते.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई घोडेगावला गेली. वृषाली अंगणात शेंगा फोडत होती. ठकूबाईनं सगळं सांगितलं; डबा, भुकटी, घमेलं, काहीच लपवलं नाही. "माझं चुकलं, पोरी. घरी चल."

वृषालीनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. मग विचारलं, "मामा अजून त्याच मोटरीवर जात्यात?"

"जात्यात."

"वायर बदलली?"

ठकूबाईनं मान हलवली. नव्हती बदलली.

"जोड उघडा हाय तिचा. वरनं नुसता पिशवीचा कागद गुंडाळलाय. माती झाली त्याच दिवशी मी सांगितलं व्हतं, आत्या. कुणी ऐकलं न्हाई. नंतर तर समदे खड्याचंच ऐकत व्हते."

 इतके दिवस सयाजी रोज ओल्या पायांनी त्या वायरीजवळ जात होता. ठकूबाईनं लगेच फोन लावला. "मोटरीला शिवू नगा. ऐकलं का? आधी वायरमन बोलवा." पलीकडून सयाजीचा "व्हय" ऐकू येईपर्यंत तिनं फोन कानाचा काढला नाही.

"मी येणार न्हाई," वृषाली म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई. पण मला त्या उंबऱ्याचं भ्या वाटतंय आता."

संस्कृती दारातून बघत होती. आजीनं हात पुढे केला. पोरगी आईच्या मागे सरकली.

वायर बदलली. वृषाली आजही घोडेगावलाच आहे. येडगावच्या घाटावर कुणाचा दहावा असला की ठकूबाई न बोलावता जाते. कावळ्याला, पिंडाला ती नावं ठेवत नाही. खडा पाण्यात पडला की मात्र घरच्यांपुढे उभी राहते. "बाबांनो, दगडाला काय इचारू नका, त्याला काय बी ठाऊक नसतं. तुमचं माणूस कशानं गेलं, ते डॉक्टरला इचारा, वायरमनला इचारा, घरातल्या सुनंला इचारा. आन्‌ ती काय सांगती ते ऐका."