चार हात सरकलेला दगड

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तिकडं चहा गाळत बसलेल्या मनकर्णाबाईनं ही गोष्ट पन्नासदा ऐकली असेल, एकदाही मान हलवली नाही. पण आपल्या नाल्यावरचा भूमिपूजनाचा दगड एकदा स्वतःच्या पायांनी चार हात चालला, आणि त्या चालण्यापायी राज्यमंत्री अविनाशभाऊ आत गेले.

भाऊ म्हणजे एकेकाळी जानेफळच्या बाजारात सायकलवर कटपीस विकणारा माणूस. मीटरमागे चार बोटं कापड मारायची सवय. सरपंच झाल्यावर ती सवय रस्त्यांना लागली, आमदार झाल्यावर धरणांना. या नाल्यावरच्या पुलाचं त्यांनी चारदा भूमिपूजन केलं आणि दोनदा बिल उचललं. पूल काही कागदावरून खाली उतरला नाही.

जन्मभर चार बोटं मारत आलेल्या माणसाला पुढं सगळ्यांचीच बोटं दिसायला लागली. घरचा चहासुद्धा भाऊ आधी बायकोला प्यायला लावायचे. त्यात चौकशीची कुणकुण आली. परक्यांच्या नावावर घेतलेल्या जमिनींची खरेदीखतं एका लोखंडी डब्यात होती आणि डबा कुठं आहे, ते भाऊंनाच ठाऊक.

भागवत त्यांचा सोळा वर्षांपासूनचा ड्रायव्हर. एका दुपारी मेहकरहून येताना मागच्या सीटवरून आवाज आला.

"भागवत, डब्बा कुठं हाय, माहीत हाय का तुले?"

"नाही भाऊ."

"शेतातल्या बंगल्यात, देव्हाऱ्याखाली. फक्त तुलेच सांगून राह्यलो."

भागवतनं आरशात पाहिलं. भाऊ डोळा न हलवता त्याच्याच मानेकडं बघत होते. मेव्हण्याला, शेखरला, त्यांनी गोठ्याची जागा सांगितली होती, पीएला पाण्याच्या टाकीची. तिन्ही जागा खोट्या. जिथं धाड पडेल, तिथला माणूस फितूर.

महिना गेला. धाड कुठंच पडली नाही. दुसरा कोणी असता तर निवांत झोपला असता. भाऊ म्हणाले, "तिघंही एकमेकाले मिळूनच गेले."

वैशाखात भागवतची प्रेरणा बारावी पास झाली. तो तिला घेऊन पेढे द्यायला बंगल्यावर गेला. भाऊंनी पेढा हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"आधी तू खा, पोरी."

पोरीनं खाल्ला. भाऊंनी आपला पेढा परत खोक्यात ठेवला. मग भागवतला म्हणाले, "हात ठेव हिच्या डोक्यावर. घे शपथ. माह्याबद्दल तोंडातून शब्द काढणार नाही म्हण."

भागवतनं हात ठेवला. त्याच्या हाताखाली पोरीनं पेढ्यांचं खोकं बंद केलं. "नाही काढणार," तो म्हणाला. सोळा वर्षांत त्यानं कोणाला काही सांगितलं नव्हतं.

त्याच आठवड्यात, गिअर टाकता टाकता, भागवतच्या कमरेत उसण भरली आणि तो तीन आठवडे सुटीवर गेला. ते जाऊ द्या.

डबा खरा होता तो नाल्यावर, भूमिपूजनाच्या दगडाखाली. चौथ्या भूमिपूजनाच्या आदल्या दिवशी भाऊंनीच तो पुरला. जो पूल व्हायचाच नाही, तिथं खणणार कोण? भागवतला त्यांनी गाडीत पाठ करून बसवलं होतं. गाडीत आरसा असतो, पण पाठ केलेल्या माणसाला काय दिसणार.

आता संशयानं झोप उडाली, तसं डबा उकरून दुसरीकडं हलवायला भाऊंनी पाचवं भूमिपूजन काढलं. यावेळी भोवती कनात. पूजा एकट्यानंच करायची आहे म्हणाले.

नेत्यानं कुदळीचा एक घाव घालायचा, फोटो काढायचा, नारळ फोडायचा, ही रीत. कनातीबाहेर बँडवाले तयार. आतून एक घाव ऐकू आला. बँड वाजला. मग दुसरा घाव. मग तिसरा. बँड थांबला. विसावा घाव झाला, तेव्हा गर्दीतली रुक्मिणीबाई शेजारणीला म्हणाली, "काऊन वं, भाऊ पूल आजच बांधून राह्यले का?"

चाळिसाव्या घावाला कोणीतरी कनात उचलली. भाऊ दगडाच्या बुडाशी कमरेएवढ्या खड्ड्यात, पांढरे कपडे काळ्या मातीनं भरलेले.

"भाऊ, काय शोधता?"

"कुठं काय. काही नाही."

पण आयुष्यात एका घावापलीकडं न गेलेला माणूस चाळीस घाव काही नाही म्हणून घालत नसतो. गावानं सगळी काठाची जमीन उकरली. दगडापासून चार हातांवर डबा लागला. पोलीस पाटलासमोर, पेपरवाल्यासमोर उघडला. भाऊ तिथल्या तिथं खड्ड्याच्या कडेवर बसले, ते पोलिसांनीच उठवले.

भागवतनं मात्र शपथ मोडली नाही. एक शब्द काढला नाही. आता रानातली गुरं दगडाला अंग घासतात, जमीन फुगते, काहीही होऊ शकतं. दगड आपल्या पायानं चालला.

मनकर्णाबाईनं चहाची गाळणी खाली ठेवली.

"भाऊच्या गाडीचा गिअर आपसूकच पडे, टाकाच लागत नव्हता. आपल्या प्रेरणानंच सांगतलं मले. मंग तुमची कंबर कायनं भरली होती हो? तीन हप्ते तेल मी चोळलं. दगड तुमीच सरकवला."