तानूबाईचं अपील

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मला भारी चीड येते, हे आधीच सांगून ठेवते. आमचे हे धारवाडच्या कोर्टात वकील. मळमड्डीतल्या घरी रोज खून-मारामारीवाल्यांची ये-जा, कुणाकुणाला म्हणून भ्यायचं?

अळणावरकडची तानूबाई त्यातलीच. भांडणात तिच्या तुकारामाच्या हातून चुलतभावाचा खून झालेला. सेशन जज्जांनी फाशी न देता जन्माचं काळं पाणी दिलं. ह्यांना हायसं वाटलं. तानूबाई मात्र म्हणाली, "थोरल्या कोर्टात घाला की, साहेब."

"अक्का, पोराचा जीव वाचलाय. गप्प बसा. मुंबईचं कोर्ट शिक्षा वाढवूही शकतं," हे म्हणाले.

ते तिच्या डोक्यातच शिरेना. त्यांच्या गावात पंचांनी शिक्षा सांगितली की माणूस गौडाच्या, म्हणजे गावच्या पाटलाच्या, पाया पडायचा आणि गौडा ती हलकी करायचा. थोरल्याने शिक्षा वाढवल्याचं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. तिने ह्यांचे पाय सोडले नाहीत. शेवटी ह्यांनी अपील घातलं.

मुंबईहून उलट नोटीस आली: शिक्षा का वाढवू नये, ते सांगा. हे धावत गेले, अपील मागे घेतो म्हणाले. जज्ज म्हणाले, आता ते तुमच्या हातात नाही. तुकारामला फाशी झाली.

त्यानंतर तानूबाई दर मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, आमच्या कट्ट्यावर येऊन बसायची. बोलायची नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. पावसाळ्यात तीही गेली, तसा गावाहून निरोप आला.

पुढच्या मंगळवारी भर दुपारी हे जेवता जेवता थांबले. "कट्ट्यावर कोण आहे, बघ."

कुणी नव्हतं. मग दर मंगळवारी तेच. ह्यांचं जेवण तुटलं, कोर्ट सुटलं. माझं डोकं फिरलं. "खूळ लागलंय तुम्हाला," म्हणत मी एकदा तरातरा बाहेर गेले आणि रिकाम्या कट्ट्याला सुनावलं, "अक्का, तुकारामला फाशी झाली. तुम्हीही मेलात. आता जा."

"होय, बाई." आवाज अगदी माझ्या गुडघ्यापाशी आला. "चुकलं माझं. थोरल्या साहेबाला सांगा, पहिली शिक्षाच बरी होती. काळं पाणीच द्या म्हणावं माझ्या लेकराला."

मी भ्याले, पण त्याहून तिची कीव आली. आत आले आणि ह्यांच्यापुढे कागद, दौत, टाक आदळले.

"अर्ज लिहा."

"कुणाला?"

"वकील तुम्ही, तुम्ही ठरवा. बाई बाहेर थांबलीय."