गोडं पाणी

यमुनाबाईंनी तांब्याच्या तोंडाला बांधलेलं फडकं सोडायला घेतलं, पण गाठ सुटेना. मदतीला जयाबाई वाकल्या तसा त्यांनी लेकीचा हात झटकला.

"ऱ्हाऊ दे. माझं मी करते."

खडकीला नदीच्या काठाला जलपर्णीचा जाड थर साचला होता. खालचं पाणी काळं होतं. गाडीपासून इथवर दोघींनी त्यांना काखेत हात घालून आणलं होतं. एका बाजूने सत्तरीच्या, निवृत्त शिक्षिका जयाबाई, दुसऱ्या बाजूने खराडीच्या ऑफिसातून अर्धी रजा काढून आलेली जयाबाईंची नात अपेक्षा. ब्याण्णव वर्षांच्या यमुनाबाईंना घराबाहेर काढू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

हा दिवस त्यांनी एकाही डिसेंबरात चुकवला नव्हता. एकाहत्तरच्या युद्धात शत्रूच्या पाणबुडीने जी बोट बुडवली तिच्यावर त्यांचा शंभू होता. वीस वर्षांचा खलाशी. तार आली, देह आला नाही. मृत्यूनंतरच्या जलदान विधीला आलेल्या भन्तेंना त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं. देह नाही तर विधी कसला? पण शंभूच्या शेवटच्या पत्रात एक ओळ होती. बोटीवर गोडं पाणी मापून मिळतं, आई. तेव्हापासून दर वर्षी प्यायच्या पाण्याचा एक तांब्या नदीत, आणि नदीचं पाणी समुद्रात.

"पण मोठी आजी," फोनवर नकाशा बघत अपेक्षा म्हणाली, "शंभूआजोबांची बोट गुजरातकडे बुडाली ना? ही नदी तर उलटी जाते. भीमेत, मग कृष्णेत, आंध्रातून थेट पूर्वेच्या समुद्रात."

"अपेक्षा!"

जयाबाई जरा जास्तच जोरात ओरडल्या. यमुनाबाईंनी मान वळवली, ती लेकीकडे.

"तीस वर्सं भूगोल शिकवलास तू."

जयाबाई चपलेच्या टोकाने माती उकरत राहिल्या.

"तुला ठावं होतं."

"कॉलेजात गेल्यावर कळलं."

"आन बोलली न्हाईस."

"कसं बोलू, आई?"

यमुनाबाई मातीतच बसल्या. तांब्या त्यांनी पोटाशी धरला आणि मोकळ्या हाताने कपाळावर मारून घेतलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा अपेक्षाने हात धरला.

"लेकरू तिकडं तहानलेलं, आन मी इकडं ओततेय. चोपन्न वर्सं."

"आपण मुंबईला जाऊ," अपेक्षा रडत म्हणाली. "आत्ता. समुद्रावर."

"खंडाळ्याचा घाट तरी झेपेल का हिला?" जयाबाई हळूच म्हणाल्या.

यमुनाबाईंना ते ऐकू गेलं. त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

"मग येवढं पाणी गेलं कुणाला?"

कुणालाच नाही, असं जयाबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण आईपासून आता काही लपवायचं नव्हतं.

"पूर्वेच्या समुद्रात एक पाणबुडी बुडाली होती. त्याच डिसेंबरात. पाकिस्तानची. अजून तळाशीच आहे."

"मान्सं?"

"नव्वदच्या वर. पोरंच बरीचशी. कुणी वर आलं नाही."

"ह्यांनीच मारला माझा शंभू."

"नाही, आई. ती पाणबुडी दुसरी. ही त्याआधीच बुडाली होती."

यमुनाबाईंनी पदराने तोंड पुसलं. मग तांब्या लेकीपुढे केला.

"गाठ सोड."

जयाबाईंनी गाठ सोडली. यमुनाबाई बसल्या बसल्याच पुढे सरकल्या, हाताने जलपर्णी बाजूला केली आणि तांब्या कलता केला. पाणी बारीक धारेने पडत राहिलं. अर्धं झालं तशी त्यांनी धार थांबवली, तांब्यात डोकावून पाहिलं आणि त्याच्या तोंडावर तळवा ठेवला.

"बांध पुन्यांदा," त्या म्हणाल्या. "घट्ट बांध. घाटात सांडायला नको."