पायथ्याची जागा

“तुम्ही चोर आहात. पहिलं वाक्य हेच लिही.”

लुव्हीनियानं दौतीत बुडवलेला टाक तसाच हवेत धरला. “बाबा, हा पेन्शनीचा अर्ज आहे. भांडण नव्हे.”

“चोराकडे अर्ज करायचा, तर त्याला काय म्हणायचं मग? देवदूत?”

“सरकार म्हणायचं.”

“तेच तर म्हणालो मी.”

टाकातली शाई टेबलावरच्या मेणकापडावर ठिबकली. लुव्हीनियानं ती ॲप्रनच्या टोकानं पुसली आणि अर्जावर नुसतं ‘माननीय मंडळास’ एवढंच लिहिलं. तिच्या बापाला, अम्झी क्रचरला, वाचता येत नव्हतं, पण मुलीचा हात किती वेळ हलला हे दिसत होतं. “एवढ्यात चोर लिहून झालं होय?” तो म्हणाला. तिनं पुढची ओळ धरली.

अमेरिकेतल्या यादवीत, गुलामी टिकवायला, दक्षिणेच्या फौजेतून लढलेल्या गोऱ्या म्हाताऱ्यांना पेन्शन कधीचीच चालू होती. लढाई संपून दोन पिढ्या उलटल्यावर राजधानीतल्या मंडळाला जाग आली, की त्या फौजेसोबत काळी माणसंही होती. त्यातले बहुतेक मरून गेल्यावर जाग आली, हे सोयीचंच झालं. उरलेल्यांसाठी वेगळा अर्ज निघाला. त्यात अम्झीला ‘नोकर’ म्हटलं होतं. गुलाम म्हणायला मंडळाची जीभ रेटत नव्हती. आणि गुलामाला एकदा नोकर म्हटलं, की मग ‘मालकाशी शेवटपर्यंत इमानानं राहिलास का’ असं विचारता येतं. बैलाला हे कुणी विचारत नाही. अर्जात ते विचारलं होतं. खाली साक्षीदारासाठी जागा होती, आणि तो साक्षीदार गोरा लागणार हे कुणी लिहायची गरज नव्हती.

अम्झीनं काय केलं नव्हतं? खंदक खणले, खेचरं हाकली, मुडदे पुरले. तरण्या मालकाच्या, रॉस हॉवर्टनच्या, मिशीला मेण लावण्यापासून त्याच्या पायखान्याचा खड्डा खणण्यापर्यंत सगळं त्याच्याच माथी होतं. आता त्याची कंबर मोडली होती आणि घर लुव्हीनियाच्या हातांवर चाललं होतं. त्या हातांकडे बघवत नव्हतं. गावातल्या गोऱ्यांचे कपडे अंगणातल्या काळ्या कढईत राखेच्या साबणानं उकळून उकळून बोटांची पेरं फुटली होती. सकाळी मक्याच्या भाकरीचं पीठ कालवताना पिठात रक्ताचा ठिपका दिसायचा. पेन्शन आली, तर ती कढई पालथी घालता आली असती. अर्जाचं कारण एवढंच होतं.

त्याच दुपारी मेजर हॉवर्टनची मोटार कुंपणाशी येऊन थांबली. हा मेजर कुठल्याच फौजेत नव्हता. लढाईच्या वेळी तो पोर होता. रॉसचा धाकटा भाऊ, आणि माजी सैनिकांच्या मेळाव्याचा कारभारी, म्हणून मेजर.

“काका! आहेस का जिवंत?”

म्हाताऱ्या काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणावं लागू नये, म्हणून गोरे लोक त्याला काका म्हणतात. नात्याशी त्याचा काही संबंध नाही.

“आहे, मेजरसाहेब. तुमच्या आधी जायचा विचार नाही.”

मेजर मोठ्यानं हसला. मोटारीतून न उतरताच त्यानं एक करडा कोट पुढं केला, छातीवर मेळाव्याच्या फिती लावलेला. “शनिवारी कचेरीत हा घालून ये. साक्ष मी देतो. आणि दुसरी गोष्ट ऐक. मेळाव्यातल्या मंडळींनी वर्गणी काढलीय. दादाच्या कबरीच्या पायथ्याशी तुझी जागा ठरवलीय. वर दगड, ‘इमानदार अम्झी’ असं कोरलेला. या तालुक्यात काळ्या माणसाला असला दगड कुणी दिलाय आजवर?”

अम्झी पायरीवर बसून होता. “माझी जागा आहे की, साहेब. बायकोच्या शेजारी, डायसीच्या.”

“तिथं काय आहे? झाडोरा आणि फुटकी भांडी!” मेजरचा आवाज खरंच दुखावल्यासारखा झाला. “अरे, तू दादाला गाडीत घालून आणलंस. मी पाहिलंय माझ्या डोळ्यांनी. मंडळींनी पैसे दिलेत. आता तू नाही म्हणालास, तर मी कुठल्या तोंडानं साक्ष देऊ?”

“विचार करतो.”

“यात कसला विचार?” मेजर म्हणाला. कोट कुंपणावर टाकून गेला.

लुव्हीनियानं तो कोट झटकून आत आणला. गोष्ट तिला पाठ होती, सगळ्या गावालाच होती. फ्रँकलिनच्या लढाईत रॉस पडला. अम्झीनं त्याला मुडद्यांच्या ढिगातून शोधून काढलं, खेचरांच्या गाडीत घातलं आणि थंडीवाऱ्यात एकट्यानं घरी आणलं. कबरीवर माती पडताना मात्र तो तिथं नव्हता. दुःखानं वेडा होऊन रानात निघून गेला. दर वर्षी मेळाव्यात ही गोष्ट सांगितली जायची, बायका डोळे पुसायच्या आणि अम्झीच्या पानात मांसाचा मोठा तुकडा पडायचा.

“घेऊन टाका ना ती जागा,” लुव्हीनिया म्हणाली. “मेल्यावर माणसाला काय कळतंय, उशाशी आहे का पायथ्याशी?”

“माझ्या आईला मालकाच्या पायथ्याशी झोपवायचे. जमिनीवर. पहाटे त्याला पाणी लागलं तर म्हणून.” अम्झीनं काकवीत बुडवलेली भाकरी ताटलीत परत ठेवली. “बस इथं. त्या गाडीचं सांगतो.”

“माहीत आहे मला गाडीचं.”

“तुला मेजरला माहीत आहे तेवढंच माहीत आहे.”

ती बसली.

“रॉस पडला, तेव्हा तुझी आई वाडीवर होती. नुकतीच माझी झाली होती. मला तिच्याकडे जायचं होतं. पण काळं पोर एकटं रस्त्यावर दिसलं, की जो तो विचारणार, मालकाचा परवाना कुठाय? तो नसला तर पाठीची सालटी. मग मला रॉस आठवला. जिवंत होता तेव्हा त्यानं मला कधी परवाना लिहून दिला नाही. म्हटलं, आता देशील. शोधला, गाडीत घातला, त्याचा चेहरा उघडा ठेवला. प्रत्येक नाक्यावर शिपाई यायचे, बंदूक रोखायचे, आत बघायचे, आणि टोपी काढून बाजूला व्हायचे. एकानं तर मला स्वतःचे हातमोजे दिले.”

लुव्हीनियाच्या तोंडाचा आ तसाच राहिला. “आणि रान? दुःखानं रानात...”

“सगळी गोरी माणसं कबरीपाशी उभी होती. आमच्या झोपड्यांकडे बघायला कुणी नव्हतं. तुझ्या आईचा हात धरला आणि निघालो. तिकडं त्यांचं भजन चालू होतं, इकडं आम्ही ओढा ओलांडत होतो. उत्तरेच्या फौजेच्या छावणीत तू पोटात राहिलीस. लढाई संपली, तुझ्या आजीसाठी परत आलो. तर गावात काय बोलणं? अम्झी परत आला, किती जीव त्याचा हॉवर्टनांवर!” तो खोकत खोकत हसला. “मी कशाला खोडून काढू? रात्री पांढरे बुरखे चढवून गोरे काळ्यांची घरं जाळत फिरायचे, तेव्हा आपल्या दाराशी येऊन मागं फिरले. रॉसला आणणारा हाच तो, म्हणाले. तो मुडदा जन्मभर माझा परवाना होता, लुव्ही.”

लुव्हीनियानं दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. “मग अजून एकदा वापरा. जन्मभर वापरलात. शनिवारी एकदा वापरा आणि संपवा. हे बघा. बघा ना!”

अम्झीनं पाहिलं. तिची बोटं त्यानं आपल्या बोटांत घेतली नाहीत, कारण धरली की दुखायची. “शनिवारी बघू,” तो म्हणाला.

शनिवारी त्यानं रविवारचा काळा कोट घातला. करडा कोट घडी करून हातावर घेतला. लुव्हीनियानं ते पाहिलं आणि काय होणार ते ओळखलं. तरी ती सोबत गेली.

कचेरीत कारकून टेबलामागं बसला होता. मागच्या बाकांवर मेळाव्यातले तीनचार म्हातारे काठ्यांवर हनुवट्या टेकून बसले होते. काळ्यांना बसायला काही नव्हतं, म्हणून बापलेक उभे. मेजरनं साक्ष दिली. सांगता सांगता त्यानं डोळे पुसले, आणि ते काही सोंग नव्हतं. आपण गाडीमागं कसं रडत धावलो, हे त्यानं सांगितलं तेव्हा कारकुनानंही नाक शिंकरलं.

“आता तू, काका,” कारकून म्हणाला. “मालकाशी शेवटपर्यंत इमानानं राहिलास?”

“त्याच्या शेवटपर्यंत राहिलो. माझा शेवट अजून यायचाय.”

बाकावर कुणी तरी खुसखुसलं.

“फौज सोडून पळालास कधी?”

“पळालो. चालत पळालो, कारण बायकोला वेगानं चालवत नव्हतं.”

कारकुनाचा टाक थांबला. अम्झीनं मग सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, खाली मान घातली नाही. परवाना, उघडा चेहरा, हातमोजे, ओढा. बाजारात खेचराचं वय सांगावं तसं सांगितलं, समोरच्यानं मानावं म्हणून नाही, तर ते तसं आहे म्हणून.

“काका, तुझं डोकं फिरलंय,” मेजर उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक. “याला ऊन लागलंय. लिहू नका.”

“मेजरसाहेब, तुम्ही एवढंसं पोर होतात. तुमचं रडणं खरं होतं, ते मी पाहिलंय. माझं नव्हतं, एवढंच.” त्यानं करडा कोट मेजरच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. “आणि तुम्ही लिहा, बाबूसाहेब. मी खंदक खणले ते लिहा. त्यांत तुमचीच माणसं लपली आणि वाचली, या बाकावर बसलीत त्यातली. खणताना कुणी विचारलं नाही मला, इमानानं खणतोयस का म्हणून. खोली किती झाली, तेवढं विचारायचे. त्याची मजुरी मागतोय मी. प्रेमाचं बक्षीस मागत नाही.”

“आणि ती दगडाची जागा?” बाकावरच्या एकानं विचारलं.

“ज्याला आवडेल त्याला द्या. मला बायको आहे.”

बाहेर पडून दोघं चौकात आली.

“रागावलीस?” अम्झीनं विचारलं.

“घरी गेल्यावर सांगते. भर चौकात नको.”

पण ती बापाच्या मागून चालत नव्हती. शेजारून चालत होती. पायवाटेवर समोरून दोन गोऱ्या बायका आल्या, तेव्हा तिला बाजूला व्हायचं आठवलंच नाही. त्या दोघीच थबकल्या.

हॉवर्टनांच्या घरचे कपडे यायचे बंद झाले. आणखी दोन घरांचे बंद झाले. घर कुणी जाळलं नाही. लोकांनी ठरवून टाकलं, म्हाताऱ्याला चळ लागला.

काकवी रटरटत असते त्या दिवसांत अम्झी गेला. ताक प्यायला, पेला खाली ठेवला आणि गेला. चर्चमागच्या देवदाराखाली लुव्हीनियानं त्याला डायसीच्या शेजारी ठेवलं. मेजरनं म्हटलेली फुटकी भांडी तिथंच होती. गेलेल्यानं शेवटची हाताळलेली वस्तू काळ्या लोकांत कबरीवर ठेवतात, आणि ती मुद्दाम फोडून ठेवतात, म्हणजे साखळी तिथं तुटते, घरातला दुसरा मागून जात नाही. डायसीचा निळा तांब्या बूड फुटलेला होता. लुव्हीनियानं ताकाचा पेला मुळावर आपटला, एका दणक्यात बूड गेलं. दोन्ही एकमेकांना लागून ठेवले.

मंडळाचं पत्र त्यानंतर आलं. अर्जदार फौजेसोबत होता हे सिद्ध होत नाही, सबब अर्ज नामंजूर. पत्र आलं त्याच आठवड्यात हॉवर्टनांच्या दफनभूमीत दगड उभा राहिला. वर्गणी जमली होती, कोरून झाला होता, फुकट कशाला घालवायचा? रॉसच्या पायथ्याशी, खाली कुणी नसलेला दगड. ‘इमानदार अम्झी, जो फौजेत आपल्या मालकासोबत राहिला.’ मंडळाचे एक साहेब फीत कापायला खास राजधानीहून आले होते.

लुव्हीनियानं तो कुंपणाबाहेरून वाचला. घरी आली. कढईखालचा जाळ तसाच पेटता ठेवून टेबलाशी बसली. टाक फुटक्या बोटांत नीट धरवत नव्हता, तरी धरला. या वेळी मजकूर सांगायला कुणी नव्हतं आणि लागतही नव्हतं.

‘तुम्ही चोर आहात,’ तिनं लिहिलं. ‘माझा बाप फौजेत नव्हता, असं तुमचं पत्र म्हणतं. होता, असं तुमचा दगड म्हणतो. दोन्हींमागं तुमचीच माणसं आहेत. तो तिथं नव्हता, तर त्या दगडावर कुणाचं नाव कोरलंत? आणि होता, तर त्याची मजुरी कुठं आहे? दोन्हींतलं एक खरं करा आणि मला लेखी कळवा. मी वाट बघते आहे.’