कोरडा ड्रेस

"आगं, पन जादाचा ड्रेस कशाला हिला?"

शहाजीने लेकीची सॅक उघडून धरली होती. आत पाण्याची बाटली, डबा आणि तळाशी घडी घातलेला मोरपंखी पंजाबी ड्रेस.

"पोरगी न्हाणीत गेली की लागले उचकायला!" विजयमाला पोळी लाटता लाटता फणकारली.

"रोज नेती, रोज तस्साच परत आनती. पळून जायचा बेत दिसतोय."

"विमानातनं? हवेत लगीन लावत्यात व्हय?"

शहाजीला हसू आलं नाही. वाशीच्या दाणाबाजारात त्याची उमर माल तपासण्यात गेली होती. पोत्याच्या तोंडाशी मोत्यासारखा गहू दिसला तरी हा पठ्ठ्या लोखंडी नळी पार बुडापर्यंत खुपसायचा, मगच मान हलवायचा. आणि इथे लेक आठवडाभर सांगत होती, "आज माझा सोलो, आप्पा. एकटीने विमान उडवणार!" संध्याकाळी पुन्हा तेच, "नाही जमलं." वर काल एसटीडी बूथमध्ये दबक्या आवाजात, "उद्या नक्की, राजवर्धन. ड्रेस घेतलाय."

राजवर्धन! शहाजीने बाजाराला दांडी मारली आणि तिच्या मागच्या बसने खाडी ओलांडली.

फ्लाइंग क्लबच्या कुंपणाआड तो दबा धरून बसला. राजेश्वरी तिथेच होती, हाकेच्या अंतरावर. दोन लहानशी विमानं उभी. ती एकाभोवती फिरत होती, प्रत्येक स्क्रू चाचपत होती. मग पंखाखाली वाकून तिने काचेच्या नळीत थोडं पेट्रोल काढलं आणि उन्हात धरलं.

"झालं का राजेश्वरी?" कॅप्टन मधुकर घड्याळ बघत म्हणाले. "मेकॅनिकने सकाळीच चेक केलंय. वारा वाढला तर आजही राहील."

"सर, खाली पाणी आहे."

"टाकून दे. पुन्हा काढ."

तिने पुन्हा काढलं. पुन्हा एकदा. वर निळसर पेट्रोल, बुडाशी पाण्याचा टपोरा थेंब.

"टाकीत अजून असणार. इंजिन वर जाऊन बंद पडलं तर? मी नाही जाणार, सर."

कॅप्टननी नळी हातात घेतली, उन्हात फिरवून बघितली आणि तिला परत दिली. "बरोबर आहे तुझं. पण आजचा सोलो गेला."

दुसऱ्या विमानातून एक किडकिडीत मुलगा एकटाच उडाला, एक फेरी मारून उतरला. खाली पाय ठेवतो न ठेवतो तोच पोरांनी त्याच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. "राजवर्धन! राजवर्धन!" गलका झाला. राजेश्वरीनेही टाळ्या वाजवल्या. मग वळली, आणि तिला कुंपणाआड ओळखीची टोपी दिसली.

"आप्पा? माझ्यावर पाळत ठेवलीत?"

"न्हाय... म्हंजी व्हय." शहाजी उठून उभा राहिला. "त्यो भिजला का असा?"

"पहिल्यांदा एकट्याने उडालं की भिजवतात. तशी रीतच आहे. म्हणून तर बदलायला ड्रेस..." तिचा आवाज बारीक झाला. "आठवडाभर वाऱ्यानं घालवला. आज मीच नाही म्हटलं."

शहाजीने तारेतून हात पुढे केला. "दाव ती नळी."

नळी उन्हात धरून तो कितीतरी वेळ बुडाकडे बघत राहिला. मग परत दिली.

संध्याकाळी दोघं घरी परतली. जिन्यात शेजारच्या मालतीबाईंनी विचारलं, "काय, उडाली का आमची वैमानिक?"

"न्हाय," शहाजी म्हणाला. "तिनं माल परत केला."

मालतीबाईंना काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरी न्हाणीत असताना विजयमालाने पाहिलं, नवऱ्याने पुन्हा सॅक उघडली होती. ती बोलायला तोंड उघडणार, तोच त्याने मोरपंखी ड्रेसची घडी सारखी केली आणि वर आपला टॉवेल ठेवला.

"थंडी हाय," तो म्हणाला. "डोस्कं पुसाय लागंल."